मास्तरांचं कुष्ठ

इनास मास्तर गेल्याची बातमी मला पाचूबंदरच्या एका कोळणीने दिली. वसईत होळी नावाच्या भागातल्या बाजारात माझं काष्ठौषधींचं दुकान आहे आणि मासळीची पाटी घेऊन ती रोज सकाळी माझ्या फळीपुढून जाते. त्या दिवशी ती थांबली, पाटी खाली उतरवली आणि म्हणाली, "तुमचा वासाचा मास्तर गेला नं सकालीच." कसे गेले, कधी गेले, हे विचारायला तोंड उघडतोय तोच तिने आवाज खाली आणला. "त्या रोगानंच गेला काय?" ...मी त्या बाईवर भर बाजारात ओरडलो. तिचा दोष फारसा नव्हता. सहा वर्षं गावाने जे तिच्या कानात घातलं तेच तिने विचारलं. पण राग यायला माणूस समोर लागतो, आणि त्या वेळी समोर ती होती. पाटी उचलून ती तरातरा निघून गेली आणि नंतर कित्येक दिवस माझ्या फळीवरून जाताना मान वळवून जात राहिली.

मास्तर हृदय बंद पडून गेले. परसातल्या मरव्याच्या वाफ्याला पाणी घालत होते, हातात झारी होती, तिथेच बसले ते उठले नाहीत. तो रोग त्यांना कधी झालाच नव्हता. हे मी बाजारात सांगितलं, शाळेत सांगितलं, लोकांच्या ओट्यांवर बसून सांगितलं. आता छापून सांगतो. छापलेल्यावर लोकांचा विश्वास बसतो असा माझा अनुभव आहे, मग ते खरं असो की खोटं.

आणि आताच सांगायचं कारण असं की, पंधरवड्यापूर्वी त्यांच्या शाळेत शोकसभा झाली. मास्तरांची तसबीर टेबलावर ठेवली होती, तिला मोगऱ्याचा हार घातला होता. ज्या मुख्याध्यापकांनी त्यांना घरी बसवलं तेच बोलायला उभे राहिले. ग्रीक भाषेचे प्रकांड पंडित, आमच्या शाळेचं भूषण, असा विद्वान पुन्हा होणे नाही... मी मागच्या बाकावर बसलो होतो आणि माझे कान तापले होते. मेल्या म्हशीला मणभर दूध, अशी म्हण आहे. पण ही म्हैस जिवंत असताना या लोकांनीच दावं सोडून हाकलून दिली होती, ते कुणी बोलेना. दोन मिनिटं शांत उभं राहायला सांगितलं तेव्हा मी बसून राहिलो. शेजारच्या गृहस्थांना वाटलं, माझे गुडघे दुखतायत.

मास्तर आमच्या होळीचेच, वाडीवाल्या ख्रिस्ती घरातले. घरच्यांनी त्यांना पाद्री व्हायला मुंबईच्या सेमिनरीत घातलं होतं. अभ्यासाची वर्षं जवळजवळ पुरी झाल्यावर ते ट्रंक घेऊन परत आले आणि पाद्री होणार नाही म्हणाले. का, ते त्यांनी मलाही कधी सांगितलं नाही. त्यांच्या आईने पहिल्या मिस्सासाठी, म्हणजे पाद्री झाल्यावरच्या पहिल्या पूजेसाठी, घराला चुना लावून ठेवला होता म्हणतात. ती त्यानंतर दोनच वर्षं जगली आणि गावाने तिचाही मृत्यू मास्तरांच्या नावावर मांडला. ट्रंकेत ग्रीक भाषेची व्याकरणं होती आणि ग्रीकांनी वनस्पतींवर लिहिलेली पुस्तकं. ती घेऊन ते शाळेत इंग्रजी आणि इतिहास शिकवू लागले. घरी थोरली बहीण होती, रेजीन, लग्न न केलेली. तिला सगळे रेजीनबाय म्हणत. वाडी ती बघायची, मोगरा तिचा, केळी तिच्या. मास्तरांचा फक्त मरवा, दवणा आणि पुदिना.

माझ्या दुकानात ते पहिल्यांदा आले तेव्हा युद्ध चालू होतं. वडील नुकतेच गेले होते आणि फळीवर मी एकटा बसत होतो. आले ते गिऱ्हाइकासारखे आलेच नाहीत. सरळ आत शिरले आणि एकेका बरणीचं झाकण उघडून नाक आत घालू लागले. मला वाटलं, माणूस वेडा आहे. हे मत मी पुढे पूर्णपणे कधीच बदललं नाही. तमालपत्राच्या डब्याशी ते थांबले आणि मला विचारलं, याला ग्रीक काय म्हणायचे माहीत आहे? मला कुठून माहीत असणार. ते म्हणाले, मालाबाथ्रॉन. आपले लोक 'तमालपत्र' म्हणाले. ग्रीकांच्या भाषेत पुष्कळशा शब्दांच्या आधी 'ता' लागतो, तो इंग्रजीतल्या 'द'सारखा, शब्दाचा भाग नसतो. त्यांना वाटलं, हाही तोच 'ता'. म्हणून त्यांनी तो काढून टाकला आणि उरलेला शब्द घरी नेला. हे सांगून ते इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ऐकणाऱ्याच्या एका चुकीने शब्दाचं डोकं उडालं, याची त्यांना मोठी गंमत वाटायची.

त्यानंतर शाळा सुटली की ते माझ्या बाकावर. ग्रीकांच्या शहरांत म्हणे सुगंधी मलमं विकणाऱ्यांची दुकानं असत, आणि रिकामटेकडे पुरुष तिथे बसून गावच्या उखाळ्यापाखाळ्या काढत. त्या दुकानाला मूरोपोलिऑन म्हणत, कारण मूरॉन म्हणजे सुगंधी मलम. माझ्या दुकानाचं नाव त्यांनी तेच ठेवलं. दत्तू, आज मूरोपोलिऑन उशिरा उघडलंस, असं ओरडत यायचे. जटामांसी हातात घेऊन सांगायचे की हिचं जुनं नाव नलद, तिकडे जाऊन नार्दोस झालं. ग्रीक लोक मेजवानीला बसताना दंडाला पुदिन्याचं मलम लावत आणि भुवयांना मरव्याचं, एकाच अंगाला दोन वास. हे ऐकून माझी गिऱ्हाइकं पोट धरून हसायची. स्पार्टा नावाच्या गावाने अत्तरवाल्यांना वेशीबाहेर काढलं, का तर हे लोक चांगलं तेल नासवतात म्हणून, हेही त्यांनीच सांगितलं. तेव्हा तेसुद्धा हसत होते.

माणूस सोपा नव्हता. चहा पाजला तर आभार नाहीत, चूक काढली नाही असा दिवस नाही. माझ्या सगळ्या बरण्यांवरच्या वडिलांच्या हातच्या चिठ्ठ्या त्यांनी खरवडून काढल्या आणि आपल्या अक्षरात नव्या लावल्या. वर जुनं नाव, खाली ग्रीक नाव. कोपऱ्यातल्या एका बरणीवर वडिलांनी 'उपलेट' लिहिलं होतं. काश्मीरकडून येणारं मूळ ते, धुपात घालतात, लोकरीला कसर लागू नये म्हणून कपाटात ठेवतात. ताजं असलं तर फुलासारखा वास, आणि जुनं झालं की ओल्या शेळीचा. मास्तरांनी त्यावर लिहिलं: कुष्ठ. खाली: कोस्तोस. मी म्हटलं, मास्तर, हे नाव बरं नाही, रोगाचं नाव आहे. ते एकदम चिडले. हे मुळाचं नाव आहे, हजारो वर्षांचं आहे, ग्रीकांनी आपल्याकडून हाच शब्द नेला आणि हेच मूळ देवापुढे जाळलं, मलमात घातलं. "शब्द तिकडे गेला तो सुगंध झाला," म्हणाले, "इथे राहिला तो रोगाला चिकटला. रोग शब्दाला झालाय, दत्तू. औषध त्याला द्यायला हवं." औषध कसं द्यायचं, तर तो शब्द वापरत राहायचा. एवढाच त्यांचा हट्ट होता आणि त्या हट्टापायी पुढचं सगळं झालं.

मूरॉन करून बघायचं वेडही तिथूनच. ग्रीकांना एक तेल फार आवडे, लवकर खवट न होणारं, बालानोस नावाच्या बीचं. मास्तर म्हणाले, ते झाड आपल्या शेवग्याचं चुलतभावंड आहे. झालं. त्या वर्षी रेजीनबायच्या शेंगा भाजीला मिळेनात. सगळ्या झाडावर वाळवल्या, बिया सोलल्या आणि माझ्या खलात कुटून तेल काढलं. ते तेल बायच्या स्वयंपाकघरात गरम पाण्याच्या टोपात ठेवायचं, त्यात आधी तुरट मुळ्या घालायच्या, मग गाळून कुष्ठ, मग मरवा, आणि तीन दिवस ढवळत बसायचं. घरभर शेळीचा वास. बाय चुलीशी उभी राहून मला म्हणायची, "याला पाद्री करनार होते, दत्तूभाऊ. देवाचाच जीव वाचला." पण चौथ्या दिवशी तो शेळीचा वास कुठे गेला कळायचं नाही. मागे जे राहायचं ते मी पुन्हा कुठल्याही बाटलीत हुंगलेलं नाही.

याच सुमारास शाळेने त्यांना गावच्या प्राचीन वैभवावर भाषण करायला सांगितलं. वसईशेजारच्या सोपारा या जुन्या बंदराचं नाव ग्रीकांच्या लिखाणात येतं, हे सगळ्यांना कुठून तरी कळलं होतं. मंडळींची इच्छा अशी की मास्तरांनी सांगावं, जगातला सगळा सुगंध आमच्या सोपाऱ्याहून गेला. मास्तर उभे राहिले आणि म्हणाले, सोपाऱ्याचं नाव येतं खरं, पण कुष्ठ आणि जटामांसी जास्त करून भडोचहून जात असत. तिथेच खाली बसले. पाहुण्यांसमोर शाळेच्या कमिटीचे चेहरे पडले. मीसुद्धा घरी जाताना म्हटलं, दोन वाक्यं सोपाऱ्याबद्दल बरी बोलला असतात तर काय बिघडलं असतं? कमिटीने ते भाषण लक्षात ठेवलं, हे मला पुढे समजलं.

आता एका पोस्टकार्डाची गोष्ट. ते कार्ड मी लिहिलेलं. मी माल आणायला मुंबईला भुलेश्वरात गेलो होतो. मास्तरांनी अस्सल काश्मिरी मूळ मागितलं होतं आणि तसं ते मिळालंही. त्यांना आनंद होईल म्हणून मी पोस्टकार्ड टाकलं, आणि त्यांचाच शिष्य म्हणून शब्द त्यांचाच वापरला. मजकूर मला पाठ आहे: "आपले कुष्ठ अस्सल निघाले. दोन चांगल्या वैद्यांना दाखवले, दोघांचेही तेच मत पडले. आता शंका नको. समक्ष भेटीत सविस्तर." पत्ता शाळेचा घातला, घरापेक्षा लवकर पोचेल म्हणून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शाळेच्या शिपायाने कार्ड वाचलं, शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवलं, आणि मी गाडीतून उतरेपर्यंत अर्ध्या वसईला ते पाठ झालं होतं. पेशव्यांच्या वाड्यात 'ध'चा 'मा' करायला निदान कुणाला तरी लेखणी हातात घ्यावी लागली. इथे एक अक्षर बदलावं लागलं नाही.

मी मुळांची पुडी घेऊन मुख्याध्यापकांकडे गेलो. सगळं समजावलं. पुडी उघडली तसा त्यांनी रुमाल नाकाला लावला आणि म्हणाले, ते तिकडेच ठेवा. त्यांना समजलं नव्हतं असं मी मरेपर्यंत मानणार नाही. त्यांना नीट समजलं होतं. ते म्हणाले, मग मास्तरांनी तसं लिहून द्यावं, की शब्द चुकीचा वापरला गेला, आणि सोबत डॉक्टरचा दाखला जोडावा. मास्तरांनी लिहून दिलं. पहिली ओळ, मला कुष्ठरोग नाही. त्यापुढे चार पानं, शब्द चुकीचा का नाही, संस्कृतात कुठे येतो, ग्रीकांत कुठे येतो. दाखल्याबद्दल त्यांनी एवढंच लिहिलं की आज रोगाचा मागता, उद्या अकलेचा मागाल. कमिटीने त्यांना 'विश्रांतीसाठी' घरी पाठवलं. त्या विश्रांतीतून त्यांना परत कुणी बोलावलं नाही.

चर्चमध्ये त्यांच्या बाकावरची माणसं सरकू लागली. फादर भला माणूस होता, त्याने मास्तरांच्या जिभेवर प्रसाद ठेवताना कधी हात आखडला नाही, पण बाक काही त्याच्या हातात नव्हते. आणि खरी शिक्षा झाली ती रेजीनबायला. महारोग्याच्या वाडीतला मोगरा म्हणून फूलवाल्याने तिच्या टोपल्या परत पाठवल्या. वर्षभर फुलं झाडावर पिवळी पडली. मग नायगावची एक बाई तिला भेटली, तिच्या नावाने टोपल्या दादरला जाऊ लागल्या. फुलं बायची आणि नाव दुसरीचं. मी त्या काळात मास्तरांशी भांडलो आहे. म्हटलं, तुमच्या कोस्तोसपायी बहिणीच्या तोंडचा घास जातोय, एकदा बोला की, उपलेट होतं, उपलेट. एका शब्दाने काय होतं? ते म्हणाले, "एका शब्दानंच झालं नं सगळं?" ...मी आठ दिवस त्यांचं तोंड पाहिलं नाही. मला त्यांचा राग येत होता. आजही येतो.

पण मास्तरांना बोल लावायला मी कोण? माझ्या दुकानात लोक कोपऱ्यातल्या बरणीकडे बोट दाखवून विचारू लागले. दोघं-चौघं सुंठसुद्धा दुसरीकडून घेऊ लागले. एका दुपारी मी मास्तरांच्या हातची चिठ्ठी भिजवून काढली आणि नवी लावली: उपलेट. नुसतं उपलेट, खाली ग्रीकसुद्धा नाही. कुणी माझ्या डोक्यावर बंदूक ठेवली नव्हती. मी घाबरलो आणि मी ते केलं. मास्तर आले, बाकावर बसले, त्यांची नजर नेहमीप्रमाणे बरण्यांवरून फिरत गेली आणि कोपऱ्यात थांबली. मी वजनं उगाच पुसत राहिलो. ते थोडा वेळ बसले आणि गेले. त्यानंतरही ते येत राहिले, पण त्या कोपऱ्याकडे पुन्हा त्यांनी पाहिलं नाही.

आमची शेवटची भेट मरणाच्या तीन आठवडे आधीची. बाजाराचा दिवस होता, दुकानात गर्दी होती. मास्तर बाकावर टेकले तसे आधीचे दोघे उठून फळीला टेकून उभे राहिले. मास्तरांनी ते पाहिलं, मी पाहिलं, उठलेल्यांनीही पाहिलं. मग मास्तरांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा स्वच्छ आवाजात, वर्गात म्हणायचे तसं म्हटलं, "दत्तू, पावशेर उपलेट दे."

सहा वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नव्हता. नोकरी गेली तेव्हा निघाला नाही, बायचा मोगरा परत आला तेव्हा निघाला नाही. माझ्या दुकानाच्या गर्दीत निघाला. मी वजन केलं, पुडी बांधली, त्यांच्या हातात दिली. मला म्हणता आलं असतं, मास्तर, कुष्ठ म्हणा. चार गिऱ्हाइकं गेली असती, गेली तर गेली. मी म्हटलं, आणखी काही? ...ते नाही म्हणाले आणि पुडी खिशात घालून चालू लागले.

कोळणीवर ओरडून झाल्यावर मी दुकान तसंच टाकून त्यांच्या घरी गेलो. फाटकाबाहेर माणसं होती, आत कुणी नव्हतं. एक चुलतभाऊ विहिरीपाशी उभा होता, पाणी काढून देत होता, पण उंबरठ्याच्या आत यायला तयार नव्हता. रेजीनबाय एकटी भावाला अंघोळ घालत होती. सत्तरीला टेकलेली बाई, तिला ते अंग वळवता येईना. मला दारात बघून तिने विचारलं, "तुमी हात लावाल काय, दत्तूभाऊ?" ते तिला विचारावं लागलं, याचा संताप मला आज हे लिहिताना जाळतो आहे. बाहेर उभ्या असलेल्या एकेकाचं नाव मला माहीत आहे. त्यांच्यातलेच काही शोकसभेला पहिल्या रांगेत होते.

आम्ही दोघांनी त्यांना अंघोळ घातली, अंग पुसलं. मग बाय आत गेली आणि फळीवरून एक बरणी घेऊन आली. पावशेर उपलेट नेलं होतं त्याचं मूरॉन. ग्रीक लोक मेलेल्या माणसाला सुगंधी तेल लावत आणि कुपी शेजारी ठेवत, हे मास्तरांनी आम्हा दोघांनाही कितीदा सांगितलं होतं. बायने झाकण काढायला बरणी माझ्या हातात दिली. झाकणावर चिठ्ठी होती, शाई ताजी. वर कुष्ठ. खाली ग्रीक अक्षरांत कोस्तोस... बाजारात ते माझ्यासाठी खोटं बोलले होते. घरी आल्यावर त्यांनी शब्द पुन्हा जागेवर ठेवला होता. मी त्यांच्या पायांना, हातांना, कपाळाला ते लावलं आणि रडलो. बाय रडली नाही. ती म्हणाली, "भुवयांना मरवा लागतो नं?" आणि परसातून दोन काड्या तोडून घेऊन आली.

शोकसभेच्या तसबिरीला जो हार होता, त्यात मोगऱ्याबरोबर मरवा ओवलेला होता. आमच्या भागात मरवा दुसऱ्या कुणाच्या परसात नाही. म्हणजे वाडी तीच. कमिटीने तो बाजारातून आणवला, नायगावच्या बाईचा समजून. सभा संपल्यावर मी पुढे गेलो आणि मुख्याध्यापकांच्या कानाशी जाऊन सांगितलं की फुलं कुठली आहेत. त्यांचा हात आपोआप धोतराला पुसला गेला. मला तेवढंच बघायचं होतं.

तिथून मी सरळ दुकानात आलो आणि कोपऱ्यातली बरणी पुढे, अगदी फळीच्या तोंडाशी आणून ठेवली. उपलेटची चिठ्ठी काढली. मास्तरांसारखं अक्षर माझं नाही, पण मोठं काढलं. कुष्ठ. खाली कोस्तोस, मराठीत. बाकावर बसणारे दोन जण दुसऱ्या दिवसापासून यायचे बंद झाले. मूरोपोलिऑन आता बरंच रिकामं असतं.

परवा ती कोळीण पुन्हा थांबली. माझ्यावरचा तिचा राग ओसरला असावा. तिला वाचता येत नाही. नवीन बरणी पुढे दिसली म्हणून तिने बोट दाखवून विचारलं, हे काय ठेवलंय. मी झाकण काढून एक मूळ तिच्या तळहातावर ठेवलं. तिने हुंगलं, नाक मुरडलं, शेळी गो बाय, म्हणाली, आणि पुन्हा हुंगलं. नाव विचारलं. मी सांगितलं, कुष्ठ. तिची बोटं आखडली, पण मूळ तिने खाली टाकलं नाही.

"मंग मास्तरला झालता तो ह्योच?"

"हाच," मी म्हटलं. "दुसरा कुठला नाही."